दोष एकट्या आईचा कसा?

सिकलसेलवरच्या एका लेखात हा रक्ताचा आनुवंशिक आजार ‘नात्यातल्या लग्नामुळे होतो’ असं सरळ लिहिलंय. तेवढं पटलं नाही. मूळ कारण अकराव्या गुणसूत्रावरच्या, हिमोग्लोबिन घडवणाऱ्या बीटा ग्लोबिन जनुकातला बदल. आई-बाप दोघंही वाहक (जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच दोष असलेले) असले तर दर बाळंतपणाला 25 टक्के शक्यता आजाराची, 50 टक्के नुसतं वाहक होण्याची. पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो बरं का. नात्यातलं लग्न दोष तयार करत नाही, एकाच आजा-आजीकडून आलेला दोष दोघांतही असण्याची शक्यता तेवढी वाढवतं.

आमच्या बेळगाव-खानापूर भागात मामाची पोरगी करायची पद्धत जुनीच. पोराचे हातपाय सुजले, सांधे ठणकायला लागले, की कुठल्याही आजारात सासू म्हणणार, “सुनेच्या माहेरचं आलंय.” अहो, सून तुमच्या भावाची लेक, म्हणजे ते माहेर तुमचंच की!

आणखी एक. वाहकाला सहसा काही त्रास नसतो, नुसतं हिमोग्लोबिन मोजून तो ओळखू येत नाही. आधी सोल्युबिलिटी टेस्ट (रक्ताची झटपट प्राथमिक चाचणी) करतात आणि एचपीएलसीने (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासणीने) खात्री. लग्नाआधी करायची तर दोघांचीही करा, एकट्या पोरीची नको.