अनुदानाआधी भाडेपट्टा तपासावा
विज्ञान उद्याने, म्हणजे कंपन्या आणि नवउद्योगांना संशोधनासाठी जागा देणारी संकुले, रखडतात ती सरकारी अनुदान तुटपुंजे असल्यामुळे, असे प्रतिपादन एका लेखात वाचले; ते मला अपुरे वाटते. चेन्नईतील आयआयटी मद्रास रिसर्च पार्क हे आयआयटीचा एक विभाग म्हणून नव्हे, तर ना-नफा तत्त्वावरील स्वतंत्र कंपनी म्हणून उभे राहिले (जुन्या कंपनी कायद्याचे कलम २५, आता २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम ८). त्यामुळे भाड्यातून उरलेली रक्कम लाभांश म्हणून वाटता येत नाही, ती उद्यानाच्याच कामी लावावी लागते. शिवाय तिथल्या कंपन्यांचे नुसते भाडे भरून भागत नाही, प्राध्यापक-विद्यार्थ्यांबरोबर संशोधन करून ठरावीक श्रेयांकही (अशा सहकार्यासाठी मिळणारे गुण) मिळवावे लागतात. खरी मेख याच अटीत आहे. ती नसती तर तो आणखी एक आयटी पार्क झाला असता, इतकेच. आपल्याकडे महाराष्ट्रात असे उद्यान उभारायचे तर एमआयडीसीचा (औद्योगिक विकास महामंडळाचा) भूखंड सहसा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो, मात्र तो बँकेकडे गहाण ठेवायला किंवा त्यावरील जागा नवउद्योगांना पोटभाड्याने द्यायला महामंडळाची संमती लागते, आणि पोटभाड्यावर वेगळे शुल्कही पडते. दोन टेबले आणि एक सूक्ष्मदर्शक मांडून बसलेल्या नवउद्योजकाच्या भाड्यातच ते शेवटी चढवले जाते.