रेस अडकली तर केबलमध्ये खोबरेल तेल?

जुन्या गाडीची रेस अडकत असेल तर केबलमध्ये खोबरेल तेल सोडा आणि पेडलला जादा स्प्रिंग लावा. चालत्या गाडीत अडकली तर ब्रेक पुन्हा पुन्हा दाबा, हँडब्रेक ओढा, किल्ली काढून घ्या, पण न्यूट्रल करू नका, इंजिन फुटेल. आणि पायाखालचे मॅट फेकून द्या, असा एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. राधानगरीच्या आमच्या मामांनी तो वाचून आपल्या मारुती ८०० साठी तेलाची बाटली बाजूला काढून ठेवली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजते. हिवाळ्यात कोल्हापुरात पहाटेचा पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो आणि घरोघरी तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते. हे वर्षानुवर्षे पाहणारी माणसे तेच तेल रेसच्या केबलमध्ये ओतायला निघतात, याला काय म्हणावे? शिवाय तेलावर धूळ बसून चिकटा होतो तो वेगळाच. केबल अडकते ती बहुधा आतल्या तारेचे धागे उसवून आवरणात रुततात म्हणून किंवा आवरणच वाकून मोडते म्हणून, आणि उसवलेली तार कोणत्याही तेलाने सांधत नाही, ती बदलावीच लागते. दोष कुठे आहे हे पाहायचे असेल तर इंजिन बंद ठेवून कार्ब्युरेटरकडचे केबलचे टोक सोडवावे आणि थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा, दांडा हाताने उघडून सोडून द्यावा. तो खटकन मागे आला तर दोष केबलमध्ये किंवा पेडलच्या सांध्यात आहे. रेंगाळत आला तर थ्रॉटलच्या शाफ्टवर चिकटा चढला आहे किंवा परतीची स्प्रिंग सैल पडली आहे. जादा स्प्रिंग लावून यातले काहीच दुरुस्त होत नाही, दोष फक्त झाकला जातो.

ब्रेक पुन्हा पुन्हा दाबण्याचा सल्ला मात्र जिवावर बेतणारा आहे. ब्रेकच्या बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला, इंजिनातून निर्वात (व्हॅक्यूम) मिळतो, थ्रॉटल पूर्ण उघडा असताना तो जवळजवळ मिळेनासा होतो, आणि साठलेला निर्वात एक-दोनदा दाबण्यापुरताच पुरतो. त्यानंतर पेडल दगडासारखे होते. म्हणूनच अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाचा स्पष्ट सल्ला आहे की ब्रेक एकदाच, पूर्ण जोर लावून दाबून धरावा आणि गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी. हा संदेश नेमके उलटे सांगतो.

न्यूट्रलमध्ये इंजिन किंचाळेल, जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत क्वचित बिघडेलही, एवढे मान्य करतो. पण फोंडा घाटाच्या उतारावर इंजिन वाचवत बसण्यात काय अर्थ आहे? हँडब्रेक झटक्याने ओढला तर ओल्या वळणावर मागची चाके घसरतात.

मॅटचे म्हणणे खरे आहे. २००९ साली कॅलिफोर्नियात मॅटमध्ये पेडल अडकून लेक्सस गाडीतल्या चौघांचा जीव गेला होता. तरीही मॅट फेकण्याची गरज नाही, ते सरकणार नाही असे पक्के बसवले म्हणजे झाले.

किल्लीचे अर्धेच खरे आहे. न्यूट्रल पडतच नसेल तर ती इंजिन बंद होण्यापुरती एक टप्पा मागे फिरवावी, पण चालत्या गाडीत बाहेर काढू नये, कारण त्याने स्टिअरिंग लॉक होऊ शकते. जुन्या डिझेल जीपमध्ये तर किल्ली फिरवली म्हणून इंजिन बंद होईलच असे नाही, अनेक जीपमध्ये त्यासाठी ओढायचा खटका वेगळा असतो. संदेश लिहिणाऱ्याने अशी जीप कधी चालवलेली दिसत नाही.