बाळाला सुई न टोचता लसीकरण मोहीम यशस्वी करण्याचे मार्ग

लसीकरणाविषयी जनजागृती करण्याची जबाबदारी आपल्या खांद्यावर आली असेल, मग आपण अधिकारी असा, सेवाभावी मंडळाचे अध्यक्ष असा किंवा प्रभागातील होतकरू कार्यकर्ते असा, तर सर्वांत आधी एक पथ्य पाळावे. जागृती आणि लस यांची गाठ शक्यतो पडू देऊ नये. ती पडली की किती बाळांचे डोस पूर्ण झाले, असा हिशेब कोणीतरी मागतो आणि छान चाललेल्या मोहिमेचा विचका होतो.

मुहूर्ताची चिंता नसावी. जागतिक लसीकरण सप्ताह एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यात येतो आणि त्या दिवसांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो. चार हुतात्मा चौकातून शाळकरी मुलांची फेरी सकाळी आठला निघेल असे जाहीर करावे. प्रमुख पाहुणे यायचे असल्याने ती आपोआपच अकराच्या उन्हात निघते. फलक धरणारी मुले सहावी-सातवीतली असावीत. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यायचा असल्यामुळे, ज्यांच्यासाठी हा खटाटोप आहे ती मंडळी त्या वेळी घरी पाळण्यात असतील आणि घोषणांनी त्यांची झोप मोडणार नाही.

फ्लेक्स सात रस्ता चौकात लावावा, कारण तिथून जाणाऱ्यांच्या मुलांचे लसीकरण बहुधा खासगी दवाखान्यात आधीच झालेले असते आणि झालेल्या कामाची जागृती करणे केव्हाही सोपे. वरच्या ओळीत आठ-दहा मान्यवर हात जोडून उभे असावेत आणि उरलेल्या कोपऱ्यात इंटरनेटवरून उतरवलेले निळ्या डोळ्यांचे एक गुटगुटीत बाळ असावे. लसीकरण कोणत्या वारी, कुठे आणि किती वाजता होते, हा मजकूर जागा उरल्यास टाकावा. ती उरत नाही.

पूर्व भागात मात्र जपून जावे. तिथे घरोघर तेलुगू बोलली जाते, शहराच्या इतर भागांत कन्नड आणि उर्दूही आहे. म्हणून पत्रके फक्त मराठीत, तीही शासकीय परिपत्रकाच्या मराठीत छापावीत, म्हणजे कोणत्याच भाषिकावर अन्याय झाल्याची तक्रार राहत नाही. विडी कामगार बाई मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळते. ठरलेला आकडा पुरा झाल्याशिवाय तिला पुरी मजुरी नाही, आणि दीड महिन्याच्या डोसनंतर बाळाला ताप आला की तिची ती रात्र आणि दुसरा दिवस हातचा जातो. ती पुढच्या डोसला आली नाही, तर नोंदवहीत ‘अज्ञान’ असे कारण लिहावे. अज्ञानावर फ्लेक्सचा उतारा चालतो. ‘मजुरी बुडते’ असे खरे कारण लिहिले, तर सत्र संध्याकाळी ठेवावे लागेल, तापाची गोळी किंवा औषध किती आणि कसे द्यायचे हे समजावून सांगावे लागेल, आणि मग जागृतीला वेळ कुठून काढणार?

सिस्टरांवरही लक्ष असू द्यावे. सुई टोचल्यावर आईला चार गोष्टी सांगाव्यात, असा दंडक आहे: आज कोणती लस दिली आणि ती कोणत्या आजारापासून वाचवते, त्यामुळे काय त्रास होऊ शकतो आणि झाल्यास काय करावे, पुढच्या वेळी कधी यायचे, आणि कार्ड जपून ठेवून येताना आणायचे. शिवाय अर्धा तास तिथेच बसवून ठेवायचे. या चार वाक्यांना माईक लागत नाही, मंडप लागत नाही, दीपप्रज्वलन तर नाहीच. तरीही मोहिमेचे फलित या चार वाक्यांवरही अवलंबून असते, ही गोष्ट मोहीमप्रमुखांनी मनावर घेऊ नये. सत्राच्याच दिवशी सिस्टरांचा सत्कार ठेवावा, म्हणजे चारही वाक्ये व्यासपीठावर आभारप्रदर्शनात विरून जातात.

त्यातूनही एखादी आई आलीच, तर कुपीचे कारण हाताशी असते. गोवर-रुबेलाच्या एका कुपीत अनेक डोस असतात आणि द्रावण मिसळल्यावर ती चार तासांत वापरावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. एकट्या बाळासाठीही कुपी फोडावी असा नियम आहे खरा. पण ‘आज मुले कमी आहेत, पुढच्या वेळी या’ असे म्हटले की कुपी वाचते आणि आई परत येत नाही. तिची गणना उदासीन पालकांत करावी. (उदासीन पालकांची एवढी पैदास आपणच करतो, हे आजवर एकाही परिसंवादात कोणी बोलल्याचे ऐकिवात नाही.)

भीती घालणे हा तर हातखंडा उपाय. गोवराने अंग भरलेल्या मुलांची चित्रे मोठी करून लावावीत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात अशी चित्रे पाहिलेल्या पालकांमध्ये लसीमुळे स्वमग्नता (ऑटिझम) येते हा गैरसमज कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला. पण चित्रांचे पैसे एकदा दिले की असले निष्कर्ष वाचू नयेत.

परदेशचे दाखले भाषणात शोभून दिसतात, फक्त ते निवडून घ्यावेत. नायजेरियातील कानो प्रांताने २००३ मध्ये पोलिओची लस थांबवली, कारण ती मुलींना वांझ करते असा समज पसरला होता. विषाणू तिथून इतर अनेक देशांत पोहोचला. अखेर इंडोनेशियात तयार झालेली लस आणल्यावर आणि स्थानिक धर्मगुरू व नेत्यांचे समाधान झाल्यावरच कामाला पुन्हा सुरुवात झाली. यातला विषाणूचा भाग सांगावा, समजूत काढण्याचा गाळावा. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला, तेव्हा श्रेय अमिताभ बच्चन यांच्या आवाजाला द्यावे. तो आवाज गाजला, यात शंका नाही. पण उत्तर प्रदेशात मशिदींच्या भोंग्यांवरून होणारी घोषणा आणि बंद दारे चार-चारदा ठोठावणाऱ्या गल्लीतल्याच बायका यांची छायाचित्रे मिळत नाहीत, म्हणून त्यांना वगळावे.

उदयपूरचे नाव तर तोंडातून काढू नये. तिथल्या खेड्यांत ठरल्या दिवशी न चुकता शिबिर भरवले, तेव्हा पूर्ण लसीकरण झालेल्या मुलांचे प्रमाण १८ टक्के भरले. शिबिर नसलेल्या गावांत ते ६ टक्के होते. शिबिरासोबत दर वेळी किलोभर डाळ आणि सगळे डोस पूर्ण झाल्यावर थाळ्या दिल्या, तेव्हा ते ३९ टक्क्यांवर गेले. या प्रयोगातल्या एस्तेर डुफ्लो आणि अभिजित बॅनर्जी यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेलही मिळाले. डाळीवर फोटो छापता येत नाही, एवढाच या उपायावर आक्षेप घेता आला असता. पण आपल्याकडे तो पिशवीवर छापतात, त्यामुळे हाही आक्षेप टिकत नाही.

शेवटी अहवाल. फेरीतील विद्यार्थी, वाटलेली पत्रके, मान्यवरांची उपस्थिती आणि वृत्तपत्रांतील कात्रणे जोडली की तो जाडजूड दिसतो. लाभार्थी म्हणून फेरीच्या वाटेवरील सर्व प्रभागांची लोकसंख्या लिहावी. आशाताईंची वही मात्र मागवू नये. त्यांना बाळाचे पहिल्या वर्षाचे डोस पूर्ण करून घेतल्याबद्दल १०० रुपये मिळतात, त्यामुळे कोणत्या बोळातले कोणते बाळ साडेतीन महिन्यांच्या डोसला राहिले, त्याची आई कोणत्या वेळी घरी असते आणि सासू का अडवते, हे सगळे त्यांनी लिहून ठेवलेले असते. ती वही चुकून टेबलावर आलीच, तर पुढच्या फेरीत फलक धरायला आशाताईंनाच पुढे उभे करावे.