पाणी बघायला

जुलै लागला की पुण्यातला माणूस टीएमसीत बोलायला लागतो. घरी दूध किती येतं हे ज्याला ठाऊक नसतं, तो बसस्टॉपवर अनोळखी माणसाला सांगतो, "साखळीत २९.१५ मावतं. सध्या निम्मं झालंय." साखळी म्हणजे खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणं, आणि एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८०० कोटी लिटर. माझे सासरे अप्पा या विषयातले अधिकारी पुरुष. नातवंडांचे वाढदिवस त्यांना आठवत नाहीत, पण वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५ हे झोपेतून उठवलं तरी सांगतील. खडकवासल्याचं १.९७ सांगताना मात्र आवाज खाली येतो, घरातल्या कमी मार्कांच्या मुलाविषयी बोलावं तसा.

टेमघरहून मुठा, वरसगावहून मोसे आणि पानशेतहून आंबी अशा तिघी खडकवासल्याला येतात. तिथून पाणी नळाला जातं, कालव्याला जातं आणि उरलेलं नदीतून थेट डेक्कनला येतं. म्हणजे तिकडे डोंगरात पडलेला पाऊस पेट्रोल न जाळता, सिग्नलला न थांबता, स्वतःच्या पायाने आपल्या दारात येतो. माझं म्हणणं एवढंच, की त्याला येऊ द्यावं. आपण उलट्या दिशेने त्याला भेटायला जायचं काय कारण?

"सोफ्यावरून उठायचं नाही म्हणून आता नदी मध्ये आणलीत होय?" बायको म्हणाली, आणि रविवारी खडकवासला करून सिंहगडावर जायचं ठरलं.

मेव्हण्याने जाहीर केलं, "भाऊजी, सहाला निघू, गर्दी लागत नाही." ही युक्ती आपल्या एकट्यालाच सुचली आहे अशी पुण्यात प्रत्येकाची समजूत असते. त्यामुळे सहा वाजता राजाराम पुलापाशी शहरातले यच्चयावत हुशार लोक एकत्र भेटतात. आम्ही हुशारांत नव्हतो. सासूबाईंची थालीपिठं व्हायची होती, "गडावर मेले वाटेल तो भाव लावतात" म्हणून. (गडावर आम्ही पिठलं-भाकरीच खाल्ली. थालीपिठं सिंहगड बघून घरी परत आली.)

धायरी फाट्यापर्यंत गाडी चालली. किरकटवाडी फाट्याला आम्ही गाडीत बसून होतो आणि शेजारून एक आजोबा पिशवी घेऊन चालत पुढे गेले. थोड्या वेळाने तेच आजोबा भाजी घेऊन परत येताना दिसले. त्यांनी ओळखीचं हसून हात केला.

खडकवासल्याच्या चौपाटीवर निम्मा रस्ता गाड्यांनी आणि उरलेला कणसांच्या शेगड्यांनी व्यापलेला. "जावईबापू, दोनच मिनिटं," असं म्हणून अप्पा उतरले. ही दोन मिनिटं म्हणजे १२ जुलै १९६१. आधी पानशेत फुटलं, मग हे खडकवासला, आणि मुठा शहरात शिरली. अप्पा तेव्हा नारायण पेठेत तिसरीत होते. वाड्याच्या जिन्यावर पाणी चढत आलं ते ते इतक्या बारकाईने सांगतात की आजही अंगावर काटा येतो. एवढंच, की दर पावसाळ्यात ते एकेक पायरी जास्त चढतं. या गतीने अजून थोड्या वर्षांत अप्पा पर्वतीवरून वाचले असं निघेल. कणीस भाजणाऱ्या मावशी सगळं ऐकून म्हणाल्या, "मीठ-लिंबू लावू ना?"

पुढे घाटाच्या पायथ्याशी उपद्रव शुल्काची पावती फाडली आणि रांगेत लागलो. वरच्या गाड्या खाली आल्याशिवाय खालच्या वर सोडत नाहीत. वरचे लोक खाली यायला तयार नव्हते, कारण त्यांनीही वर जायला एवढंच सोसलं होतं.

सिंहगड समुद्रसपाटीपासून तेराशे मीटर उंच. स्वच्छ दिवशी इथून खडकवासल्याचं पाणी दिसतं, राजगड दिसतो, तोरणा दिसतो. आम्हाला मेव्हण्याची छत्री दिसत होती, मेव्हणा दिसत नव्हता. पण अप्पांनी धुक्यात बोट घातलं. "तो राजगड. त्याच्या उजवीकडे तोरणा." आम्ही माना डोलावल्या. जवळच्या दोन मुलांनी विचारलं, "काका, पानशेत कुठंय?" अप्पांनी त्यातल्या एकाला खांद्याला धरून दुसऱ्या पांढऱ्याकडे वळवलं. त्याने त्या पांढऱ्याचा फोटो काढला, मग त्या पांढऱ्यासोबत स्वतःचाही काढला. माझ्या मुलीला हे सगळं घरच्या खिडकीत तोंडाची वाफ मारूनही जमलं असतं, पण हे मी बोललो नाही. बायको शेजारीच होती, अंदाजे.

भज्यांबद्दल मात्र माझ्या तोंडून वाईट शब्द निघणार नाही. झोपडीत चुलीच्या धुराने डोळे चुरचुरतायत, बूड ओल्या घोंगडीवर, आणि समोर कढईतून उतरलेली कांदाभजी. पिठलं, ठेचा, मडक्यातलं दही. छपराला नेमकं माझ्या ताटावर भोक होतं. भाकरी संपली तरी पिठलं काही संपेना, खाईन तेवढं वाढतच होतं.

परतीच्या वाटेवर घाटात पुन्हा थांबलो, चौपाटीला पुन्हा थांबलो. तेवढ्यात मेव्हण्याच्या मोबाइलवर आलं की खडकवासल्यातून विसर्ग वाढवला. अप्पा सावरून बसले. तासभराने आम्ही वडगावात असताना बातमी आली, नदीपात्रातला रस्ता बंद. दांडेकर पुलापाशी होतो तेव्हा भिडे पूल पाण्याखाली गेल्याचा व्हिडिओ आला. धरणापासून आम्ही आणि मुठा एकाच दिशेने निघालो होतो आणि ती आमच्या आधी पोहोचली होती.

अलका चौकात सगळंच ठप्प. लकडी पुलावर कठड्याला माणसांची भिंत, झेड ब्रिजवर त्याहून मोठी. जे लोक दिवसभर घरी लोळले होते ते जेवण-झोप आटोपून, इस्त्रीचे कपडे घालून, लेकरांना खांद्यावर घेऊन चालत पाणी बघायला आले होते. आणि पाणी होतं! काठोकाठ, तांबडं, धुक्याबिक्याची भानगड नाही.

मी बायकोकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एक अक्षर बोलू नका."

मागचे हॉर्न वाजवत होते. पोलिसाने काचेवर काठी आपटली, "ओ, घ्या पुढे!" आणि अप्पांनी दार उघडून एक पाय खाली टाकला.

"जावईबापू, दोनच मिनिटं."