गुडघेदुखीचा तो मेसेज घरच्यांना पाठवू नका

सोसायटीच्या ग्रुपवरून फिरत फिरत तो मेसेज ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या आत्याकडे पोचला आणि तिने तलावपाळीला रोज चालायला जाणं बंद केलं, म्हणून हे लिहितेय. मेसेजचं म्हणणं असं: गुडघ्यातलं ग्रीस संपतं, चालाल तेवढे गुडघे झिजतील, डॉक्टर लुटतात, वाटी बदलायलाच सांगणार, त्यापेक्षा आमची शंभर टक्के आयुर्वेदिक पावडर घ्या, भेंडीचं पाणी प्या, चौथ्या दिवशी जिने चढाल.

आधी पावडरच घेते, सगळ्यात घातक तीच. वर्षानुवर्षं दुखणारा गुडघा चार दिवसांत थांबला तर संशय यायला हवा. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियंत्रण संस्थेने, 2022 मधे सांधेदुखीवरच्या 'नैसर्गिक' सप्लिमेंटच्या काही गोळ्या तपासल्या तर त्यात लेबलवर नसलेलं डेक्सामेथासोन आणि डायक्लोफिनॅक निघालं, म्हणजे एक स्टेरॉइड आणि एक पेनकिलर. मग बिनलेबलच्या पुडीत काय असेल कोण सांगणार? स्टेरॉइडने दुखणं थांबतं हो, पण शुगर वाढते, बीपी वाढतं, तोंड सुजतं, हाडं ठिसूळ होतात, आणि डायक्लोफिनॅक वयस्कर माणसाच्या पोटाची नि किडनीची वाट लावू शकतं. आत्याला डायबेटिस आहे, पुडी सुरू केल्यावर गुडघा हलका झाला आणि उपाशीपोटीची शुगर चढली, जेवण तेच, गोळ्या त्याच. आणि हो, असलं काही बरेच दिवस घेत असाल तर घाबरून एकदम बंदही करू नका, त्यात स्टेरॉइड असेल तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावलेलं असतं आणि अचानक तोडणं जिवावर बेतू शकतं. उरलेली पुडी पिशवीत घालून डॉक्टरला दाखवा.

ग्रीसचं म्हणाल तर कूर्चेला, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, रक्तवाहिन्याच नसतात, तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून आणि तेही हालचाल झाली की. बसून राहिलात तर मांडीचे स्नायू सैल पडतात आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. ब्रिटनमधे कुठल्या आजारावर काय उपचार करावेत ते ठरवून देणाऱ्या नाइस संस्थेच्या 2022 च्या गाईडलाईनमधे या झिजेच्या दुखण्यावर पहिला उपचार व्यायामच सांगितलाय, सोबत वजन जास्त असेल तर ते कमी करणं. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, झोपून पाय सरळ उचलणं, फिजिओकडून एकदा नीट शिकून घ्या.

डॉक्टर लुटतात यात थोडं तथ्य आहे, नाही कशाला म्हणू? गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे ऑपरेशनमधे बसवतात त्या कृत्रिम सांध्याच्या, किमती इतक्या सुटल्या होत्या की 2017 च्या ऑगस्टमधे सरकारला त्यावर मर्यादा घालावी लागली. म्हणून ऑपरेशन सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत जरूर घ्या, पण जायचंच नाही हा कुठला न्याय?

भेंडीच्या पाण्याबद्दल बोलतच नाही, प्या हवं तर. पण गुडघा लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप असेल, किंवा पडल्यावर पाय टेकवता येत नसेल तर घरगुती काहीही करत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.