दवणा, नोबेल आणि माझी एक चूक

सप्रेम नमस्कार.

दवण्यावरच्या, म्हणजे चैत्रात देवाला वाहतात त्या सुगंधी झुडपावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा जरा राग आला होता, म्हणून उत्तर दोन दिवस लांबवलं. आपले आक्षेप तीन. एक, लेखातला फोटो दवण्याचा नाहीच. दोन, दवणा जंतुनाशक असल्यामुळे पूर्वजांनी यात्रेच्या गर्दीत तो वाहायची प्रथा पाडली, त्याच्या औषधाला नोबेलही मिळालं, आणि मी मात्र हे शास्त्र सोडून भैरव-मदनाच्या भाकडकथा सांगत बसलो. तीन, ती भैरवाची कथा कुठल्याच पुराणात नाही, ती माझ्या पदरची आहे.

पहिला आक्षेप शंभर टक्के मान्य. तो फोटो मरव्याचा होता. ‘दवणा-मरवा’ हे शब्द जोडीनंच कानावर पडतात, त्यामुळे दोन्ही भावंडं असतील असं वाटतं. पण मरवा तुळशी-पुदिन्याच्या कुळातला आणि दवणा शेवंतीच्या. मरव्याचं पान लहान, गोलसर, अखंड. दवण्याचं पान राखाडी-हिरवं आणि बारीक कातरलेलं, बोटांत चुरडलं की वास दिवसभर हाताला राहतो. इतकी वर्षं दवणा हातात धरून मी फोटो निवडताना फसलो, याला काय म्हणावं!

आता नोबेल. २०१५ साली चीनच्या तू यूयू यांना मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनसाठी नोबेल मिळालं हे खरं, पण ती वनस्पती आर्टेमिसिया अॅन्युआ. आपला दवणा म्हणजे आर्टेमिसिया पॅलेन्स. घराणं एक, माणसं वेगळी. चुलतभावाच्या पदवीवर आपली पाटी लावता येत नाही. दवण्याचं तेल निघतं ते मुख्यतः अत्तरांसाठी, आणि त्यातल्या एका मुख्य घटकाला दवण्यावरूनच ‘दवानोन’ म्हणतात. हेही कौतुक कमी नाही.

प्रथेमागे कारण नव्हतं असं मी म्हणत नाही. मला दिसणारं कारण फार साधं आहे. दवणा हे थंडीतलं पीक. दिवाळीनंतर पेरलं की माघ-फाल्गुनात फुलावर येतं, कापणी होते आणि चैत्रात जुड्या बाजारात असतात. दवणा सुकला तरी वास सोडत नाही. आमच्याकडे यात्रेहून आणलेली जुडी वर्षभर कपड्यांच्या ट्रंकेत पडून असे. म्हणजे ज्या महिन्यात जे हाताशी आलं, ते आधी देवाला. आंब्याचा पहिला मोहोर आपण देव्हाऱ्यात ठेवतो, तेव्हा त्यातला जंतुनाशक गुण शोधतो का?

तिसऱ्या आक्षेपाचं मात्र जरा सविस्तर उत्तर देतो. अग्निपुराणाचा ८०वा अध्याय उघडून बघा, तो सगळा दमनकाचाच आहे. दमनक म्हणजेच दवणा. आरंभीच कथा येते: हराच्या कोपातून भैरव जन्मला, त्यानं देवांनाच दमवलं, तेव्हा त्रिपुरारीनं, म्हणजे शिवानंच, त्याला ‘झुडूप हो’ असा शाप दिला. मग प्रसन्न होऊन वरही दिला, की जे तुझ्यानं पूजा करतील त्यांना पुरतं फळ मिळेल. देवांचं दमन करणारा जमिनीत रोवला गेला, पण ‘दमनक’ हे नाव राहिलंच. ही माझी कल्पना असती तर मला आनंदच झाला असता.

दुसरा धागा मदनाचा. दमनकोत्सवात, म्हणजे देवांना दवणा वाहण्याच्या उत्सवात, प्रत्येक देवतेची तिथी ठरलेली असते: चैत्र शुद्ध द्वादशी विष्णूची, त्रयोदशी मदनाची, चतुर्दशी शिवाची. आदल्या दिवशी दवण्याचं अधिवासन, म्हणजे मुख्य पूजेआधीचा संस्कार, होतं, त्यात कामदेवाचं आवाहन करतात. आता दोन्ही कथा शेजारी ठेवा. भैरव शिवाच्या रागातून जन्मला, मदन शिवाच्या रागात जळाला. दोघेही येऊन थांबतात ते याच काडीशी, आणि ती काडी परत शिवाच्याच मस्तकावर जाते. ऊन तापू लागण्याच्या महिन्यात. निवलेल्या रागाचा हा वास मला जंतुनाशकापेक्षा मोठा वाटतो. आपल्याला नाही वाटला तर तक्रार नाही, पण त्याला भाकड म्हणू नका.

आणि हे काही पोथीतच अडकलेलं नाही. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीला, कोल्हापूरजवळच्या ज्योतिबाच्या डोंगरावर, जाऊन पाहा. सासनकाठ्या नाचत असतात, गुलाल-खोबऱ्याची उधळण चाललेली असते, ‘चांगभलं’च्या गजरात शेजारचा काय बोलतो ते ऐकू येत नाही, आणि वाटेवर दोन्ही बाजूंनी दवण्याच्या जुड्या विकायला बसलेली माणसं असतात. ज्योतिबाला दवणा वाहणाऱ्यांतल्या किती जणांनी अग्निपुराण वाचलं असेल? बहुतेक कुणीच नाही. पण ज्योतिबाला भैरवाचं रूप मानणारे भाविक आहेत, खंडोबा तर मार्तंडभैरवच. पुराणातून प्रथा डोंगरावर चढली की डोंगरावरून पुराणात उतरली, यावर मी पैज लावणार नाही. मला दुसरं जास्त संभवनीय वाटतं, एवढंच.

आपण शेवटी लिहिलंय की आपल्या गावच्या देवीला ‘नागदवणा’ वाहतात. तो पुन्हा तिसराच, याच घराण्यातला पण रानचा, उंच वाढणारा, आणि वासाला कडवट. गावच्या देवीला वाहतात तो हाच असेल तर पानाचा एक फोटो जरूर पाठवा. वरून हिरवं आणि खालून पांढुरकं, लवदार असेल तर बहुतेक तोच.

लेखातला फोटो बदलला आहे, खाली चूक दुरुस्त केल्याची ओळही टाकली आहे. मरव्याचा फोटो मात्र जपून ठेवलाय, मरव्यावर लिहीन तेव्हा लागेल.