मागे सरक, बाबू!

झूम नसलेला, भिंग न बदलणारा छोटा कॅमेरा घेणं म्हणजे सोयरीक जुळवणं. फोकल लेंथ (भिंगाचा मिलिमीटरमधला आकडा: लहान तर दृश्य रुंद, मोठा तर अरुंद पण जवळचं) एकदाच पसंत करायची आणि तिच्यासोबतच नांदायचं.

स्थळं तशी मोजकी. रिकोचा जीआर थ्री २८ मिलिमीटरचा, त्याचा भाऊ जीआर थ्री एक्स ४०चा. फुजीची एक्स १०० मालिका ३५ची. तिच्या भिंगावर लिहिलेलं असतं २३, पण सेन्सर लहान, म्हणून फुल-फ्रेमच्या (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या) हिशेबानं ३५ धरायचे. इथले सगळे आकडे त्याच हिशेबाचे. लायकाचा क्यू २८चा होता, २०२४ मध्ये त्यांनी ४३चाही काढला. फुल-फ्रेमचा कर्ण साधारण तेवढाच भरतो, म्हणून ते 'नॉर्मल', ना रुंद ना अरुंद. हे सगळं कागदावर गोड वाटतं. आमच्या गावात मात्र निकाल आत्या लावते.

घेण्याआधी पारख म्हणून मी माझ्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावरच्या जुन्या १८-५५ झूमची कडी चिकटपट्टीनं १८वर पक्की केली (म्हणजे फुल-फ्रेमच्या हिशेबानं जवळपास २८) आणि पोळ्याला तोरणाखाली उभा राहिलो. सगळ्या जोड्या आल्या, झुली आल्या, बेगड आली, विजेच्या ताराही आल्या. बैल मात्र बोटाएवढे. पुढं सरकलो तर एकाचं नाकच फ्रेमभर झालं, आणि त्याला 'जरा थांबा' म्हणायची सोय नाही.

मग घरचा ग्रुप फोटो. एवढं रुंद दृश्य सपाट सेन्सरवर उतरवलं की कडेची माणसं ताणली जातात. कडेला नेमकी आत्या.

"काहून रे बाबू, मी येवढी जाडी हाओ काय?"

आत्याला भूमिती समजावून पाहा एकदा. आता आमच्याकडे मधल्या जागेसाठी ढकलाढकली होते आणि कडेला घरातली काटकुळी पोरं उभी करतात.

पट्टी काढून कडी २६च्या आसपास आणली, की झाले ४०. वावरात गोवऱ्यांवर रोडगे भाजणारी आई, मी धुराच्या बाहेर उभा राहूनही सुरेख आली. पण अंगणात सगळे मावेनात. "मागे सरक, बाबू, मागे सरक!" पायांनी झूम करा, असं जाणकार सांगतात, त्यांच्या मागे उकिरडा नसावा.

शिवाय ४० घेऊन लांब उभं राहायचं म्हटलं, तरी गाव राहू देतं का? कॅमेरा दिसला की कापूस वेचणाऱ्या बाया वेचणं सोडून "दाखव बरं" म्हणत अंगावर येतात. अंतर तेच ठरवतात, आपण नाही. म्हणून माझं मत २८ला. जीआर थ्रीमध्ये २८चं चित्र ३५ किंवा ५०एवढं कापून घेता येतं. ४० ताणून २८ होत नाहीत.

हे सगळं बाबांना रीतसर समजावलं. त्यांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं.

"कापाचंच हाये, त मोबाईल काय वाईट हाये?"

मी तुरीचा भाव विचारला.